झोप उडाली म्हणून गोळी बंद करू नका

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरत आला. मजकूर थोडक्यात असा: ‘मूड सांभाळणाऱ्या सगळ्या गोळ्या झोप मारतात. झोप उडाली की गोळी त्याच दिवशी बंद करा, रात्री दुधात जायफळ घ्या. चार दिवसांत शरीर स्वच्छ होतं आणि गोळीची गरजच नव्हती हे कळतं.’ खाली सात-आठ जणांचे हात जोडलेले. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली जाण्याचा आजार; त्यासाठी मी लॅमोट्रिजिन घेते आणि या गोळीवर माझी झोप खरोखर उडाली होती. त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आधी यातलं खरं ते मान्य करते. लॅमोट्रिजिनने काहींची झोप जाते. औषधाच्या माहितीपत्रकात बायपोलरच्या चाचण्यांचे आकडे आहेत: गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी निद्रानाशाची तक्रार केली, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी. डोस १०० मिलिग्रॅमवर गेला त्या आठवड्यात मला रोज पहाटे तीनला टक्क जाग यायची. समोरच्या सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली की समजायचं, पाच वाजले. तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ‘विचार कमी करा.’ असं उत्तर मिळालं की माणूस फॉरवर्डवर विश्वास ठेवणारच.

पण ‘सगळ्या गोळ्या’ हे साफ चूक. मूड सांभाळणाऱ्याच व्हॅल्प्रोएटने अनेकांना उलट पेंग येते. लिथियम हे तसंच दुसरं औषध; ते घेणाऱ्याची झोप मोडते ती बऱ्याचदा लघवीसाठी, कारण त्या औषधामुळे मूत्रपिंडं पाणी नीट धरून ठेवत नाहीत. माझा मावसभाऊ रात्री चारदा उठायचा, म्हणून त्याने संध्याकाळपासून पाणीच तोडलं. हे फार धोक्याचं आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात कापतात, तोल जातो, उलट्या होतात. त्याच्या डॉक्टरांनी रक्तातली पातळी तपासली, दोन वेळचा डोस रात्री एकदाच दिला आणि त्याचं उठणं कमी झालं.

आता ‘त्याच दिवशी बंद करा’. या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले. लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलांनी वाढवतात: साधारणपणे २ आठवडे २५ मिलिग्रॅम, २ आठवडे ५०, मग १००, मग २००. घाई केली तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमपर्यंत जातं. त्यात तोंडात-डोळ्यांत फोड येतात, कातडी सोलवटून निघते. सोबत दुसरं औषध नसेल तर ही गोळी सुमारे २५ तासांत शरीरात निम्मी उरते. असे पाच टप्पे उलटले, म्हणजे पाचेक दिवस खंड पडला, की जुना डोस थेट सुरू करता येत नाही. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हा काळ दुपटीहून वाढतो, इतर काही औषधांनी घटतो, म्हणून हे दिवस घरी बोटांवर मोजू नका.

हे मी भोगलंय. एका गणपतीत गावी गेले आणि गोळ्यांची स्ट्रिप पुण्यात फ्रीजवर राहिली. सहा दिवसांनी परतले, २०० ची गोळी तळहातावर घेतली आणि तेवढ्यात फोन करायचं सुचलं. पुन्हा २५ पासून सुरुवात झाली. सहाव्या आठवड्यात २०० वर पोचले, आणि मधले आठवडे कसे गेले ते माझ्या आईला विचारा. गोळी बदलायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. नवीन पुरळ दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, थांबायचं नाही.

‘गरजच नव्हती’ यात आणखी एक सापळा आहे. बायपोलरमध्ये झोप जाणं हीच आजार वर चढत असल्याची खूण असू शकते. गोळीमुळे झोप गेली तेव्हा माझे डोळे चुरचुरायचे, दुपारी मान पडायची. मॅनियात, म्हणजे आजार वर चढलेला असताना, मात्र तीन तास झोपून मी ताजीतवानी असायचे, पहाटे चारला कपाटं आवरायचे आणि मला औषधाची गरज नाही अशी खात्रीही तेव्हाच वाटायची. हा फरक आपला आपल्याला कळेलच असं नाही, म्हणून घरच्यांनी पाहायचं आणि लगेच कळवायचं.

चिमूटभर जायफळाला माझी ना नाही. झोप येत नाही म्हणून चमचा-चमचा घेऊ नका. त्याने छातीत धडधड होते, भास होतात. शेजाऱ्यांची झोपेची गोळी तर मुळीच नको.

मला उपाय सापडला तो साधा. नव्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. चहा दुपारी तीननंतर बंद. झोप कशीही झाली तरी साडेसहाला उठून गच्चीत उजेडात जायचं. जाग आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. तिसऱ्या आठवड्यात मोटर ऐकू येईनाशी झाली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. रात्री आत्याचा वेगळा मेसेज आला: तिच्या मुलाला हीच गोळी सुरू आहे आणि कालपासून त्याने घेतलेली नाही. एकच दिवस चुकला होता. रात्रीच डॉक्टरांना फोन करायला लावला आणि त्याला माझ्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात तीन रकाने आहेत: गोळी किती वाजता, झोप किती ते किती, सकाळी कसं वाटलं.