उतरायला वाव आहे

बडोद्याच्या मराठी माणसाला पुण्याच्या पाहुण्याची भीती तिसऱ्या दिवशी वाटू लागते. पहिल्या दिवशी लक्ष्मी विलास राजवाडा होतो. दुसऱ्या दिवशी कमाटी बाग होते, वर शेवउसळ होते, आणि तरी जरा जास्त घेतल्यामुळे पाहुणा संध्याकाळी शांत असतो. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता तो खिशातून शंभराची जांभळी नोट काढतो आणि उलटी करून टेबलावर ठेवतो.

"ही विहीर दाखव."

2018 साली ही नोट निघाल्यापासून माझ्यामागे हे लागलंय. माझा आतेभाऊ (आमचा दादा, वय 66, निवृत्त स्थापत्य अभियंता) तेच म्हणाला. मी सांगितलं, ती पाटणची राणी की वाव, राणी उदयमतीनं बांधलेली, 2014 पासून युनेस्कोच्या यादीत, आणि इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर.

"पण गुजरातमध्येच ना?" दादा म्हणाला. त्याच्या मनातलं गुजरात कोथरूडपेक्षा फार मोठं नसावं.

तडजोड सुरू झाली. नवलखी वाव गावातच आहे, 1405 सालची, पण ती राजवाड्याच्या आवारात. आपल्या मनाला येईल तेव्हा तिथं शिरता येत नाही. मग सेवासीची ठरली. गोत्रीच्या पुढे, 1543 सालची, विद्याधर नावाच्या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ बांधलेली. स्कूटरवर जाता येण्यासारखी.

"वाव म्हणजे? संधी?" दादानं विचारलं आणि स्वतःच हसला. हा विनोद त्याने गोत्रीपर्यंत चार वेळा केला. शिवाय "आमच्याकडे याला बारव म्हणतात" हे दोनदा. मी हेल्मेटमध्ये होतो, त्यामुळे बचावलो.

स्कूटर लावली तिथं चहाची टपरी होती. मी विचारलं, "वावमां जवाय?" टपरीवाल्यानं आम्हा दोघांना डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पाहिलं. गुडघ्यांवर जरा थांबला. "जवाय तो खरुं," तो म्हणाला, "पण पाछा आववानुं छे ने?" म्हणजे, परत वर यायचंय ना?

वाव लांबून पाहिली तर काहीच नसतं. देऊळ कसं, दोन मैलांवरून कळस दाखवतं. हिचं सगळं बांधकाम जमिनीच्या पोटात. कडेला उभं राहिल्यावर एकदम खांबांवर खांब खाली जाताना दिसतात आणि आपण नकळत मागे सरकतो.

वर मे महिन्याचं ऊन होतं. पंधरा-वीस पायऱ्या उतरलो आणि मानेवरचा घाम गार झाला. पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, भिंतीच्या खोबणीत कबुतरांची शीट, आणि कोणीतरी कोपऱ्यात नीट उभी करून ठेवलेली कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. दादा एका मंडपाच्या तुळईखाली थांबला. आता तो बोलणार हे मला कळलं, पण खरं सांगायचं तर तो छान बोलला. हे मंडप शोभेसाठी नाहीत, म्हणाला. एवढा लांब चर खणला की दोन्ही बाजूंची माती आत ढकलायला लागते. या आडव्या तुळया दोन भिंतींना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात. मीही मग पुढे सरसावलो : पावसाळ्यानंतर पाणी वर येतं, उन्हाळ्यात खोल जातं, म्हणून पाण्याच्या मागेमागे घागर घेऊन उतरायला पायऱ्या. एकमेकांना शिकवण्याच्या नादात आम्ही दोघं फारच खाली गेलो.

तिथं दादानं नोट काढली. एका हातात नोट, दुसऱ्या हातात मोबाइल. नोटेवरची वाव आणि खरी वाव एकाच फोटोत हवी होती. "दादा, ही ती नाही," मी म्हणालो. "पुण्यात कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला, आणि त्याच क्षणी वरून पन्नासेक कबुतरं फडफडत सुटली. दादानं मोबाइल वाचवला. नोट निसटली, गिरक्या घेत खाली गेली आणि खालच्या एका तुळईवर अलगद बसली.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ती लांबी, हा अर्थ दादानं तेव्हा सांगितला. नोट दीड वाव लांब होती. आम्ही रुमाल टाकून पाहिला. पट्टा सोडून टाकून पाहिला. बक्कल तुळईवर आपटलं आणि नोट आणखी आत सरकली. वरून एक पोरगा बघत होता. "काका, सोनी छे के पांचसोनी?" शंभराची म्हटल्यावर तो निघून गेला.

चढण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. भरलेल्या घागरी घेऊन बायका रोज या पायऱ्या चढत होत्या, आणि माझ्याकडे फक्त स्कूटरची किल्ली होती. प्रत्येक मंडपात आम्ही खांबावरचं कोरीवकाम फार बारकाईने, बसून पाहिलं. टपरीवाल्यानं न सांगता दोन कटिंग पुढे केले.

दुसऱ्या दिवशी दादा निघाला. निघताना माझ्या मुलीच्या हातावर तो दरवेळी खाऊला शंभर रुपये ठेवतो. या वेळी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, तुझी नोट सेवासीला आहे. बाबांना जागा माहीत आहे."

आज रविवार. ती सकाळपासून पडदे लावायची काठी घेऊन दारात उभी आहे.