शिखर शुल्क कोणासाठी आणि कशासाठी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सस्नेह नमस्कार.

एव्हरेस्ट चढण्याच्या परवान्यासाठी नेपाळ सरकार घेते त्या शिखर शुल्काच्या वाढीचे मी माझ्या लेखात समर्थन केले, ते आपल्याला मुळीच पटलेले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : डोंगर कोणाच्याही मालकीचा नसतो, त्यामुळे त्यावर चढण्यासाठी सरकारने पैसे घेणे ही खंडणीच होय, शुल्क वाढवल्याने गर्दी हटत नाही, फक्त ऐपत नसलेला गुणी गिर्यारोहक बाहेर फेकला जातो, जमा झालेला पैसा डोंगराकडे परत जात नाही, हे तिथल्या कचऱ्यावरूनच दिसते, आणि भारतात परवानग्यांचा जाच पैशांहून मोठा असल्यामुळे ही सगळी व्यवस्थाच मोडीत काढावी. यांपैकी काही गोष्टी मला मान्य आहेत, काही अजिबात मान्य नाहीत. आपण इतक्या कळकळीने लिहिले आहे की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही.

प्रथम ऐपतीचा मुद्दा घेतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतला सर्वांत बोचरा भाग तोच आहे. नेपाळ सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून वसंतातील मोसमात दक्षिणेकडच्या नेहमीच्या वाटेने एव्हरेस्ट चढण्यासाठी परदेशी गिर्यारोहकाकडून घेतले जाणारे शुल्क ११,००० डॉलरवरून १५,००० डॉलर केले. शरद ऋतूसाठी ते ५,५०० वरून ७,५०० डॉलर झाले, तर हिवाळ्यासाठी आणि पावसाळ्यासाठी २,७५० वरून ३,७५० डॉलर. त्याआधीचा मोठा बदल २०१५ मधला होता, आणि तो विसरल्यामुळे आपला युक्तिवाद थोडा एकांगी झाला आहे असे मला वाटते. २०१५ पूर्वी सात जणांच्या चमूला मिळून ७०,००० डॉलर भरावे लागत, म्हणजे माणशी १०,०००. पण जो एकटा येई त्याला एकट्यालाच २५,००० डॉलर मोजावे लागत. म्हणजे ज्या एकट्या, पाठीशी कोणी नसलेल्या गिर्यारोहकाची बाजू आपण मांडता, त्याला आजचे वाढलेले शुल्कही तेव्हाच्या मानाने कमीच आहे. शिवाय शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. प्राणवायूची नळकांडी, शेर्पांचे वेतन, तंबू, अन्न, विमा, एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ला गावापर्यंतचे विमान हे सारे धरले, तर काठमांडूतल्या स्थानिक संस्थेमार्फत जाणाऱ्यालाही यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम उभी करावी लागते, आणि पाश्चात्त्य संस्थांचे दर त्याहूनही चढे असतात. शुल्क पूर्वीइतकेच ठेवले असते, तरी सामान्य घरातल्या मुलामुलींना एव्हरेस्ट परवडले असते, असे म्हणता येणार नाही.

तरीही या ठिकाणी आपल्या तक्रारीत तथ्य आहे, हे मोकळेपणाने सांगतो. भारतीय गिर्यारोहकाला नेपाळमध्ये परदेशी म्हणूनच पैसे भरावे लागतात. स्वतः नेपाळी नागरिकांचे वसंतातील शुल्क ७५,००० नेपाळी रुपयांवरून दीड लाख झाले, तेव्हा सीमेच्या अलीकडचा माणूस मात्र १५,००० डॉलर, म्हणजे सुमारे १३ लाख भारतीय रुपये, मोजतो. गावोगाव देणग्या मागून, कर्ज काढून ही रक्कम जमवणारी मुले आपण पाहतो, आणि चार हजार डॉलरची वाढ त्यांना नक्कीच जड जाते. त्यांच्यासाठी सवलतीची मागणी झाली तर माझाही तिला पाठिंबा असेल. परंतु शिखर म्हणजे एव्हरेस्टच, हा हट्ट सोडला तर चित्र बरेच बदलते. २०२५ मध्येच नेपाळने कर्णाली आणि सुदूरपश्चिम या प्रांतांतील ९७ शिखरांचे शुल्क दोन वर्षांसाठी माफ केले, ज्यांत आपी आणि सैपाल ही सात हजार मीटरांहून उंच शिखरेही आहेत. तिथवर पोचायला चांगले रस्ते नाहीत, वाटेत सोयी नाहीत, वाट बांधून देणारे कोणी नाही. ज्याला खरोखर गिर्यारोहण करायचे आहे त्याने तिकडे पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता मालकीचा प्रश्न. डोंगर कोणाचा, या वादात मला फारसे शिरायचे नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न असा आहे की डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यासाठी जीव कोण धोक्यात घालतो आणि त्या माणसापर्यंत या पैशातले काय पोचते. नेपाळच्या कायद्यानुसार पर्वतारोहणाच्या रॉयल्टीतला, म्हणजे याच शिखर शुल्कातला, निम्मा वाटा संघीय सरकारकडे राहतो, २५ टक्के प्रांताला आणि २५ टक्के स्थानिक पालिकांना जातो. दुर्गम भागातल्या गावांना यातून जे मिळते, त्याला खंडणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मात्र निम्मा वाटा सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि तिथून तो डोंगराकडे परत येईलच असे बंधन नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि माझ्या समर्थनाची मर्यादाही तीच आहे.

खुंबू आइसफॉलचे उदाहरण घ्या. तळछावणीच्या लगेच वर सुरू होणारी ही हिमनदीची उतरंड सतत सरकत असते, तिच्यात मोठमोठ्या भेगा पडतात आणि घराएवढे हिमखंड कधीही कोसळतात. दरवर्षी मोसमाच्या आधी ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणून ओळखली जाणारी शेर्पांची एक तुकडी तिथे जाते, कोणत्या भेगेवर किती लांबीची शिडी लागेल याचा अंदाज घेते, अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या एकमेकींना दोरांनी करकचून बांधून त्या भेगांवर टाकते, दोन्ही टोके बर्फात खुंट्या ठोकून पक्की करते आणि बाजूने हाताला धरायला दोर ताणते. हे एकदा करून भागत नाही. बर्फ सरकला की शिडी वाकते, दोर ढिला पडतो, खुंटी उघडी पडते. म्हणून पुढचे कितीतरी आठवडे ही माणसे पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाऊन डागडुजी करत राहतात. हे काम १९९१ मध्ये स्थापन झालेली सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती (सगरमाथा म्हणजे एव्हरेस्टच) पाहते, आणि त्यासाठीचे पैसे मोहिमांना शिखर शुल्काखेरीज वेगळे द्यावे लागतात. सरकारला भरलेल्या १५,००० डॉलरमध्ये ती शिडीदेखील येत नाही! नेमकी ही गोष्ट आपण मांडली असती, तर आपली टीका अधिक टोकदार झाली असती.

१८ एप्रिल २०१४ रोजी याच आइसफॉलमध्ये हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले. ते सगळे इतरांसाठी सामान वाहत होते किंवा वाट तयार करत होते. सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा तळछावणीवर संतापाचा उद्रेक झाला आणि दक्षिणेकडचा तो मोसम जवळजवळ तिथेच संपला. एका परदेशी गिर्यारोहकाच्या परवान्यापोटी जे सरकार हजारो डॉलर घेत होते, त्याच सरकारने त्या गिर्यारोहकाचे ओझे वाहताना मेलेल्या माणसाच्या घरी काय पाठवायचे ठरवले, हे विसरून शुल्काची चर्चा करता येत नाही. त्यानंतर उंचावरच्या कामगारांच्या विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली, आणि २०२५ च्या नियमांत ती २० लाख झाली. ही वाढ पुरेशी नाही असे माझे ठाम मत आहे. शुल्क वाढवायचे असेल तर वाढीवर पहिला हक्क या विम्याचा, वाचवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आणि मागे राहिलेल्या कुटुंबांचा असला पाहिजे. मी वाढीचे समर्थन करतो ते या अपेक्षेने, आणि ही अपेक्षा पुरी होत नसेल तर सरकारला जाब विचारण्यात मी आपल्या बरोबर आहे.

गर्दीबाबत आपण म्हणता ते मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. ११,००० डॉलर शुल्क असतानाच २०१९ च्या वसंतात ३८१ परवाने दिले गेले आणि शिखराखालच्या धारेवर लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर पोचले. २०२३ मध्ये तर ही संख्या ४७८ झाली. तेव्हा पैशांनी गर्दी आवरेल, असे मी लेखातही म्हटले नव्हते. गर्दी आवरायची तर संख्येवर मर्यादा आणि अनुभवाची अट हेच दोन उपाय आहेत. अलास्कातल्या डेनाली शिखरावर १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात १,५०० गिर्यारोहकांची कमाल मर्यादा आहे आणि नोंदणी ६० दिवस आधी करावी लागते. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये परवान्यांची संख्या मर्यादित करण्याचा आदेश दिला, आणि २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या पर्यटन विधेयकात एव्हरेस्टसाठी अर्ज करणाऱ्याने आधी सात हजार मीटरांवरचे एखादे शिखर चढलेले असावे, असा प्रस्ताव होता. हे शिखर नेपाळमधलेच असावे, ही त्यातली अट मला चुकीची वाटते, कारण भारतातली कामेट किंवा सतोपंथ ही सात हजार मीटरांवरची शिखरे चढलेल्या माणसाला अननुभवी ठरवण्याचे काहीच कारण नाही. मात्र अट हवीच. २०२५ च्या नियमांनी आठ हजार मीटरांवरील शिखरांसाठी दोन गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक सक्तीचा केला आणि परवान्याची मुदत ७५ दिवसांवरून ५५ दिवसांवर आणली. आपण केवळ रकमेवर बोललात आणि या दोन बदलांचा उल्लेखही केला नाहीत; प्रत्यक्ष डोंगरावर त्यांचाच परिणाम अधिक होईल, असे मला वाटते.

कचऱ्याबाबत आपला राग अनाठायी नाही. २०१४ पासून बरीच वर्षे प्रत्येक चमूला ४,००० डॉलरची अनामत ठेवावी लागत असे आणि प्रत्येक गिर्यारोहकाने किमान ८ किलो कचरा खाली आणावा, असा नियम आला. अडचण अशी की वजन मोजले जाई, पण तो कचरा कोणत्या उंचीवरून आला हे कोणी तपासत नसे. तळाशी जमलेला कचरा आणूनही अनामत परत मिळे, आणि शिखराखालच्या साउथ कोल या खिंडीतले फाटके तंबू, रिकामी नळकांडी तिथेच राहत. २०२४ मध्ये नेपाळच्या सैन्याने एव्हरेस्ट परिसरातून सुमारे ११ टन कचरा आणि चार मृतदेह खाली आणले, यावरून मागे काय साचले आहे याची कल्पना यावी. नियम चालतो कुठे, ते पाहायचे असेल तर पुन्हा डेनालीकडे पाहा : तिथे प्रत्येकाला झाकणाचा एक लहान गोल डबा दिला जातो, त्यात विष्ठा साठवायची आणि तो पाठीवर किंवा घसरगाडीवर बांधून परत आणायचा. अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वा शिखरावर परवान्याबरोबर क्रमांक घातलेली पिशवी मिळते आणि ती परत दिली नाही तर दंड होतो. दोन्हीकडे जबाबदारी एका ठरावीक माणसाच्या नावावर पडते, म्हणून ती टाळता येत नाही. एव्हरेस्टचा परिसर जिच्या हद्दीत येतो त्या खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेने (ग्रामपालिकेने) २०२४ पासून विष्ठेसाठी पिशव्या सक्तीच्या केल्या, ते याच वाटेवरचे पाऊल आहे. एव्हरेस्टवर कमतरता तपासणीची आहे, आणि शुल्क रद्द केल्याने ती भरून निघणार नाही.

शेवटी भारत. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन या गिर्यारोहणाच्या राष्ट्रीय संस्थेची मंजुरी, सीमाभागात प्रवेशासाठी लागणारे इनर लाइन परमिट, वन खात्याची परवानगी आणि शुल्क, काही राज्यांत स्थानिक प्रशासनाची वेगळी नोंद, आणि परदेशी सदस्य असला तर लायझन ऑफिसर (मोहिमेसोबत दिलेला संपर्क अधिकारी) व गिर्यारोहणासाठीचा स्वतंत्र व्हिसा, इतक्या दारांवर एकाच मोहिमेचे कागद फिरतात, ही आपली तक्रार शंभर टक्के खरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने १३७ शिखरे परदेशी मोहिमांसाठी खुली केली, ते या दिशेने चांगले पाऊल होते. पण त्याच यादीत कांचनजंगाचे नाव आले आणि सिक्कीममध्ये तीव्र नाराजी उमटली, कारण तिथल्या लोकांसाठी ते दैवत आहे आणि राज्याने त्यावर चढण्यास आधीच बंदी घातलेली होती. नंदादेवीचे अभयारण्यही १९८० च्या दशकाच्या आरंभापासून मोहिमांना बंद आहे, कारण तिथल्या कुरणांची आणि वनस्पतींची फार हानी झाली होती. परवानगीची व्यवस्थाच मोडीत काढली, तर हे नकार देण्याचा अधिकार सिक्कीमच्या गावांना आणि त्या अभयारण्याला उरणार नाही. म्हणून सगळे अर्ज एकाच ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत निकाली निघावेत, ही आपली मागणी मी आनंदाने उचलून धरतो. अर्जच नको, या मागणीला मात्र माझा विरोध राहील.