२००१ च्या डॉज रॅमच्या ट्रान्समिशनबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास गॅरेजमालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गॅरेजला दोन तारे देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे, की आपल्या २००१ च्या डॉज रॅम २५०० डिझेल ट्रकचे केवळ ट्रान्समिशन ऑइल बदलून हवे असताना आम्ही संपूर्ण ट्रान्समिशन उतरवायला लावले, महागडा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत ट्रान्समिशनकडे नेणारा भाग) आणि ट्रान्समिशन ऑइल थंड करणारा जादा कूलर गळ्यात मारला, वर हजार मैलांनी पुन्हा या असे सांगितले. आणि इतके पैसे मोजूनही कोलोरॅडोला जाताना रॅटन घाटात, मागे ट्रेलर असताना, रेस वाढत राहिली पण गाडी ओढेना. ह्यूस्टन परिसरातले असेच जुने ट्रक बाळगणारे इतर मराठी वाचकही हा अभिप्राय वाचतील, म्हणून आपल्याशी फोनवर झालेले बोलणे येथे विस्ताराने लिहीत आहे.

केवळ ऑइल बदलण्यास आम्ही नकार का दिला, ते आधी सांगतो. यंत्र लावून जुने ऑइल ढकलून काढायचे आणि नवे भरायचे, हे काम आपल्याला दुसरीकडे त्याच दिवशी आणि फार थोड्या पैशांत करून मिळाले असते, यात वाद नाही. आम्ही मात्र आधी पॅन खाली घेतो. आपल्या ट्रकच्या मूळ पॅनला ड्रेन बोल्टच नाही, त्यामुळे हे काम घाणेरडे आणि वेळखाऊ आहे. तरीही आतली अवस्था कळण्याचा तो एकमेव भरवशाचा मार्ग आहे. ऑइलच्या रंगावरून निदान करणारे पुष्कळ भेटतात, परंतु या गाडीत लागणाऱ्या एटीएफ+४ या ऑइलचा लाल रंग टिकाऊ नसतो आणि ते चांगले असतानाही काळपट दिसू शकते, म्हणून आम्ही रंगावर जात नाही. आपण स्वतः लिफ्टखाली उभे राहून पाहिलेत: पॅनमधल्या चुंबकाला राखाडी लेप होता, तो दोन लाख मैलांच्या घरात चाललेल्या गाडीत असतोच, पण तळाशी चहाच्या पावडरीसारखा काळा चुरा साचला होता आणि बोटाने बाजूला सारल्यावर त्याखाली ॲल्युमिनियमची चमक दिसत होती. तो चुरा म्हणजे क्लच प्लेटींवरचे घर्षणाचे अस्तर. नवे ऑइल टाकले की जुने ट्रान्समिशन निकामी होते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती एवढीच, की अस्तर उडालेल्या प्लेटी नव्या ऑइलने पुन्हा पकड घेत नाहीत आणि दोष मात्र शेवटी हात लावणाऱ्या मेकॅनिकच्या माथी येतो. त्या अवस्थेत ऑइल बदलून बिल घेणे आम्हाला पटले नाही, आजही पटत नाही.

आता टॉर्क कन्व्हर्टर. आपल्या ट्रकमधले ४७आरई हे चार गिअरचे ट्रान्समिशन क्रायस्लरच्या १९६२ मध्ये आलेल्या टॉर्कफ्लाइट ७२७ च्या घराण्यातले आहे. त्याची रचना साधी आणि दुरुस्तीला सोयीची आहे, पण त्याच्या पुढ्यात ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल बसवलेले आहे, जे १,६०० आर.पी.एम.च्या आसपासच आपला पुरा जोर देते. इतक्या कमी फेऱ्यांवर ट्रान्समिशनमध्ये ऑइलचा दाब तयार करणारा पंपही सावकाश फिरत असतो आणि नेमक्या त्याच वेळी क्लचना घट्ट धरून ठेवण्याची गरज सर्वाधिक असते. खुद्द कंपनीने २००१ मध्ये या इंजिनाची जास्त ताकदीची, ५०५ पाउंड-फूट टॉर्कची आवृत्ती फक्त सहा गिअरच्या मॅन्युअल ट्रान्समिशनबरोबर दिली होती, यावरून काय ते समजावे. मूळ कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन थेट जोडणारा क्लच, एकाच प्लेटीचा असतो. जड ट्रेलर घेऊन चढ चढताना तो घसरू लागला की तिथेच उष्णता तयार होते, तेच तापलेले ऑइल सगळीकडे फिरते, आणि मग आत कितीही नव्या प्लेटी घातल्या तरी त्या फार दिवस टिकत नाहीत. म्हणून तीन प्लेटींचा, भक्कम कव्हरचा कन्व्हर्टर सुचवला. बिलातली ती सर्वांत मोठी रक्कम होती, हे मान्य आहे. पण पैसे कमी असतील तर व्हॉल्व्ह बॉडीची (ऑइलचा दाब योग्य जागी पोहोचवणाऱ्या भागाची) किट नंतर टाका, कन्व्हर्टर मात्र आधी बदला, असेच आमचे सगळ्यांना सांगणे असते.

कूलर आणि त्याच्या नळ्या बदलण्याचे कारण वेगळे होते. ट्रान्समिशन जळते तेव्हा तोच काळा चुरा कूलरमध्येही जाऊन बसतो, आणि या ट्रकच्या कूलर लाइनमध्ये एकाच दिशेने ऑइल जाऊ देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो अशा कचऱ्याने तुंबतो. आपला तुंबलेलाच होता. तो तसाच ठेवून नवे ट्रान्समिशन जोडले असते, तर रॅटनपर्यंत जाण्याचीही गरज पडली नसती.

हजार मैलांनंतर बोलावणे म्हणजे अर्धवट कामाची कबुली, असे आपण लिहिले आहे. दुसरा गिअर ज्या पुढच्या बँडवर (आवळून धरणाऱ्या पट्टीवर) धरला जातो त्याचे नवे अस्तर वापरात थोडे दबते, म्हणून तो पुन्हा जुळवावा लागतो: स्क्रू ७२ इंच-पाउंडपर्यंत आवळायचा आणि मग कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे १ ७/८ फेऱ्या मागे घ्यायचा. स्क्रू बाहेरच्या बाजूला असल्याने काम थोड्या वेळाचे आहे आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही. आपण त्यासाठी आला नाहीत. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना जाणवणारा धक्का हा आम्ही ऑइलचा दाब वाढवल्याचा परिणाम आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत गिअर झटकन बसलेला बरा.

खरा मुद्दा ऑइलच्या पातळीचा आहे, आणि तो आपल्याच अभिप्रायात आहे. आपण लिहिता की सहलीच्या आधी, दोन आठवडे उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन सुरू करून डिपस्टिक पाहिली, ऑइल खुणेच्या बरेच वर दिसले, म्हणून आमचा निष्काळजीपणा समजून आपण दोन क्वार्ट ऑइल काढून टाकले. त्या वेळी गिअर पार्कमध्ये होता, असे आपण फोनवर सांगितलेत. बहुतेक गाड्यांमध्ये पार्कमध्येच पातळी पाहतात. या ट्रान्समिशनमध्ये मात्र पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे ऑइल जातच नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कन्व्हर्टरमधले ऑइल पॅनमध्ये उतरते, पार्कमध्ये इंजिन सुरू ठेवले तरी ते परत वर जात नाही आणि डिपस्टिक खोटी जादा पातळी दाखवते. म्हणून गाडी चालवून गरम करायची, सपाट जागी हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि इंजिन चालू असतानाच पाहायचे, असे गाडीच्या पुस्तिकेत आहे आणि आम्ही चावीबरोबर दिलेल्या कागदावरही आहे. पार्कमध्येही कन्व्हर्टर भरता यावा असा बदल व्हॉल्व्ह बॉडीत करता येतो. आपल्या कामात तो केलेला नाही आणि बिलावर तशी नोंद आहे. दोन क्वार्ट कमी असलेले ट्रान्समिशन शहरात निभावून नेते. ७,८३४ फूट उंचीच्या रॅटनच्या लांब चढावर मात्र पंप ऑइलबरोबर हवा ओढू लागतो, ऑइलला फेस येतो, दाब पडतो आणि आपण वर्णन केले आहे नेमके तेच घडते: रेस वाढते, गाडी ओढत नाही.

आमच्या कामानंतर आपण बसवलेल्या, इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या पॉवर बॉक्सचा याच्याशी संबंध नाही, असेही आपण म्हटले आहे. नव्या गाड्यांत ट्रान्समिशनचा दाब संगणक ठरवतो. या ट्रकमध्ये तो थ्रॉटलच्या केबलवर अवलंबून आहे. पॉवर बॉक्स तेवढ्याच पेडलवर जास्त डिझेल सोडतो, पण केबल तेवढीच ओढली जाते, म्हणजे इंजिनाचा जोर वाढतो आणि क्लच धरून ठेवणारा दाब होता तेवढाच राहतो. आपण ट्रक दिलात तेव्हा इंजिन मूळ ताकदीचे होते आणि त्या हिशेबानेच आम्ही काम केले. बॉक्स विकणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

यापुढे काय करता येईल ते लिहितो. ट्रक चालवत आणू नका, टो करून आणा. आम्ही आपल्यासमोर पॅन उघडू, दाब गेजवर मोजू आणि केबल तपासू. याची मजुरी लागणार नाही. आमच्या कामात किंवा आम्ही घातलेल्या भागात दोष निघाला, तर लेखी वॉरंटीप्रमाणे संपूर्ण दुरुस्ती आणि टोचा खर्च आमच्याकडे राहील. ऑइल कमी पडल्याने प्लेटी जळल्या असतील, तर ते काम वॉरंटीत बसणार नाही आणि त्याचे अंदाजपत्रक काम सुरू करण्यापूर्वी आपल्याला लेखी मिळेल. त्यात कन्व्हर्टर आणि कूलर सुस्थितीत असतील तर ते बदलण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही, फक्त ते धुऊन घ्यावे लागतील. दरम्यान पॉवर बॉक्स काढून ठेवावा आणि काढलेले ऑइल एखाद्या बाटलीत शिल्लक असेल तर सोबत आणावे, म्हणजे ते किती निघाले होते तेही मोजता येईल. आपले जुने भाग नाव लिहिलेल्या खोक्यात अजून आमच्याकडे आहेत. येताना तेही पाहून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
गॅरेजमालक