स्विचची सेटिंग सेव्ह करणारी ‘राइट मेमरी’ कमांड कोण मारणार, तुमचे काका?

बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत कुठलाही नेटवर्क स्विच बघा, एसएनएमपीची (दुरून स्विच बघायची-बदलायची पद्धत) रीड-राइट कम्युनिटी, म्हणजे बदल करू देणारा पासवर्ड, अजून सगळ्यांना ठाऊक असलेला ‘प्रायव्हेट’च! म्हणजे कुणीही एसएनएमपीसेट कमांड मारून इफअ‍ॅडमिनस्टेटस ही पोर्टची सेटिंग 2 (म्हणजे ‘बंद’) करावी आणि पोर्ट बंद पाडावा? एसएनएमपीच्या सुरक्षित व्हर्जन 3 चं स्टँडर्ड 2002 पासून आहे, ते काय पूजेला ठेवलंय? बरं, कम्युनिटी बदलली तर सांगायचं नाही. चुकीच्या कम्युनिटीला स्विच उत्तरच देत नाही, स्क्रीनवर नुसता ‘टाइमआउट’. लगेच ओरड, ‘केबल गेली ओ!’ अहो, पिंग जातोय की, म्हणजे केबल ठीक! फायरवॉलमध्ये यूडीपी 161 (एसएनएमपीचा पोर्ट) उघडा आहे का ते तरी बघा. आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर नेटवर्कचे वेगळे भाग) बदलून ‘राइट मेमरी’ न मारताच उठणारे महाभाग! खानापुरात पावसात लाइट गेली, की स्विच परत जुन्या कॉन्फिगवर. मग फोन कुणाला? आम्हा नेटवर्कवाल्यांनाच, तोही अपरात्री.