बेंड फुटला, पण कुठला? एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कोअर शॉपला (साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनतात तिथे) वाळू नेणारी आमची हवेची लाईन, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू ढकलणारा पाईप, पावसाळ्यात सारखी चोक होते, वर्षाच्या आत बेंडला, म्हणजे पाईपच्या वळणाला, भोक पडलं, आमच्या माणसाने 'हे वॉरंटीत बसत नाही' असं तोंडावर सांगितलं, आणि यापेक्षा जुना बकेट एलेव्हेटर (बादल्यांच्या माळेने वाळू वर नेणारा) बरा होता. कोल्हापूरकडचे, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचे फाउंड्रीवाले हे वाचणार, म्हणून उत्तरही इथेच देतो, जरा सविस्तर.

आधी बेंड. तुमच्या लाईनचे बाकीचे बेंड शाबूत आहेत. फुटला तो हॉपरच्या (वाळू जिथे पडते त्या टाकीच्या) अलीकडचा, म्हणजे शेवटचा. यात नशिबाचा काही भाग नाही. पॉटमधून (दाबाच्या हवेने वाळू पाईपात सोडणाऱ्या टाकीतून) वाळू सुटते तेव्हा गेजवर 2 बार दाब असतो, म्हणजे बाहेरची हवा धरून 3 बार. लाईनच्या टोकाला दाब उरत नाही, तीच हवा तिप्पट फुगते. पाईप तेवढाच, म्हणजे वेग तिप्पट. वेग दुप्पट झाला की झीज दुप्पट होऊन थांबत नाही, चौपट ते आठपट होते. म्हणूनच कोटेशनमध्ये शेवटच्या दोन बेंडना अल्युमिना लायनिंग (आतून कठीण सिरॅमिकचं अस्तर) धरलं होतं. तुमच्या परचेसने ते कमी करायला लावलं आणि साधे एमएस (माइल्ड स्टीलचे) बेंड घेतले. त्याचा मेल आहे. वॉरंटीत झिजणारे भाग नाहीत, हेही त्याच ऑर्डरवर लिहिलेलं आहे. आमच्या माणसाने तेवढंच वाचून दाखवलं.

तरीही साधा बेंड इतक्या लवकर जायला नको होता. आमचा फिटर आला तेव्हा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) 4 बारच्या आसपास होता. कमिशनिंगला, म्हणजे लाईन चालू करून देताना, आपण 2 वर सेट करून सह्या केल्या होत्या. शिफ्टमधल्या पोरांनी तो वाढवला, कारण लाईन चोक होत होती. दाब वाढवला की त्या दिवशी लाईन मोकळी होते, हे खरं. पण तो सगळा जादा वेग शेवटच्या बेंडवर जाऊन आदळतो.

आता चोक का होते ते. पाणी, दुसरं काही नाही. पावसाळ्यात 30 अंशाला ओलसर हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसर 7 बारला अशी आठ घनमीटर हवा एकात दाबतो, म्हणजे 240 ग्रॅम वाफ. हवा थंड झाल्यावर त्या एका घनमीटरला 30 ग्रॅमच पेलतात. उरलेलं पाणी रिसीव्हरच्या (हवेच्या टाकीच्या) तळाला बसतं आणि ड्रेन बंद असला की लाईनीत शिरतं, मग ओली वाळू पाईपात अडकते. तुमच्याकडे ड्रेनचा कॉक घट्ट बसलेला होता आणि ड्रायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) बायपासवर, म्हणजे हवा त्याला वगळून जात होती. कॉक उघडला तेव्हा हवेच्या आधी पांढुरकं, तेलकट पाणी आलं, दुधात पाणी घालावं तसं, आणि बराच वेळ येत राहिलं. त्यावेळी तुमचे मेंटेनन्सवाले तिथेच होते, त्यांना विचारा. त्यात वाळूचा ढीग यार्डात फाटक्या ताडपत्रीखाली. अर्ध्या टक्क्याच्या वर ओल असलेली वाळू या पॉटला घालू नका, असं मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं आहे.

आणखी एक. चोकअप काढताना पाईपवर हातोडे बसलेत, पोचे स्पष्ट दिसतात. पोचा आत जिथे उठतो तिथे वाळू उसळते आणि त्याच्या पुढचा इंचभर पाईप आधी झिजतो. पुढचं भोक तिथेच पडणार. फ्लँज (पाईपच्या टोकाची बोल्ट लावायची कडी) जोडताना मधलं गॅस्केट आत आलं किंवा दोन पाईप एका रेषेत बसले नाहीत, तरी हेच होतं. म्हणून आम्ही जोडणीला वेळ लावतो, त्यावरही तुमची कुरकुर होती.

बकेट एलेव्हेटरचं म्हणाल, तर सरळ उभं वर न्यायचं असेल तर तो विजेला स्वस्त पडतो. हे मी स्वतः सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, धंदा बुडाला तरी. पण तुमची वाळू रस्ता ओलांडून दोन वळणं घेऊन जाते. तिथे एलेव्हेटर, मग बेल्ट, मग पुन्हा एलेव्हेटर, आणि प्रत्येक पडण्याला धूळ. सिलिकाची ती बारीक धूळ एकदा फुफ्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस बरा होत नाही. विजेची काळजी असेल तर आधी गळती बघा. 3 मिलिमीटरचं एक भोक 7 बारला सेकंदाला 10 लिटरच्या आसपास हवा सोडतं, म्हणजे कॉम्प्रेसरचे सुमारे 3 किलोवॅट तिथेच जातात. तुमच्या रिसीव्हरपासून पॉटपर्यंत असे फुसफुसणारे सांधे एकापेक्षा जास्त आहेत, शिफ्ट थांबली की कानाने ऐकू येतात.

आता पुढचं. लायनिंगचे दोन्ही बेंड आम्ही खरेदीच्या किमतीत देतो, मजुरी लावणार नाही. अट एवढीच, की ड्रायर चालू, रिसीव्हरला ऑटो ड्रेन, आणि रेग्युलेटरला कुलूप. पोचे पडलेले पाईपचे तुकडेही त्याच वेळी बदलू, त्याचं बिल वेगळं. तोवर लाईन चोक झालीच तर आधी पॉटचा एक्झॉस्ट उघडा, गेज शून्यावर येऊ द्या, मगच फ्लँजच्या बोल्टला पाना लावा. परवा तुमच्या माणसाला दाबात बोल्ट सैल करताना आमच्या फिटरने थांबवलं. रिव्ह्यूमध्ये ते आलं नाही, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर तेच आहे.

सुट्टीचा दिवस कळवा, माणसं पाठवतो.