‘घराण्यात कुणाला नाही, मग जनुकांचा काय संबंध?’

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घराण्यात कुणाला ऑटिझम नाही, मुलाचा गुणसूत्रांचा रिपोर्टही नॉर्मल, म्हणजे दोष जनुकांत नाहीच. तो मोबाईलचा, लसींचा, नाहीतर गरोदरपणी आईने केलेल्या हलगर्जीपणाचा. शेवटी टोला: इलाज नाही, मग जेनेटिक टेस्ट म्हणजे लूट.

‘घराण्यात कुणाला नाही.’ नसेलच. १६व्या गुणसूत्रावर १६पी११.२ नावाची जागा आहे. काही मुलांत तिथला सुमारे सहा लाख अक्षरांचा (डीएनएच्या एकेका घटकाला अक्षर म्हणू) डीएनए, त्यातल्या पंचवीसेक जनुकांसह, दोनपैकी एका प्रतीतून गायब असतो. ऑटिझम असलेल्या शंभरातल्या जेमतेम एका मुलात हे मायक्रोडिलीशन सापडतं, हे २००८ मध्ये पुढे आलं. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जवळपास हुबेहूब सारखे पट्टे आहेत. बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत देवाणघेवाण करतात. त्या वेळी एका टोकाचा पट्टा चुकून दुसऱ्या टोकाच्या पट्ट्याशी जुळला, की मधला भाग एकीकडे गळतो आणि दुसरीकडे दुप्पट होतो. आईवडील दोघांच्या रक्तात तो शाबूत असतो. मुलातच तो पहिल्यांदा गळालेला असतो. हे डिलीशन असलेल्या बहुतेक मुलांची गोष्ट हीच.

‘आईचा हलगर्जीपणा.’ सगळ्यात चीड आणणारा मुद्दा. नव्याने घडलेली बहुतेक १६पी११.२ डिलीशन्स आईकडून आलेल्या गुणसूत्रावर असतात, हे खरं आहे, आणि हे कळल्यावर मेसेजवाल्यांना चेव येईल. पण स्त्रीबीजातली ती देवाणघेवाण होते कधी? ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना! मग तिने पपई खाल्ली की ग्रहणात भाजी चिरली, याचा हिशेब मांडायचाच कशाला?

‘रिपोर्ट नॉर्मल.’ ‘४६, एक्सवाय’ असं लिहिलेला तो कागद म्हणजे कॅरिओटाइप. गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची ही तपासणी. पन्नासेक लाख अक्षरांहून लहान तूट तिला सहसा दिसतच नाही. सहा लाखांची तूट शोधायला क्रोमोझोमल मायक्रोॲरे, म्हणजे डीएनएतली बारीक तूट टिपणारी तपासणी, लागते. २०१० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेसाठी कॅरिओटाइपऐवजी आधी हीच तपासणी सुचवली.

मोबाईल आणि लस जन्मानंतर येतात, डिलीशन पहिल्या पेशीपासून असतं. ज्या मुलांत डिलीशन नाही त्यांचं काय, असं कुणी विचारेल. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझमचा धोका वाढलेला दिसला नाही.

उलट्या बाजूचा अतिरेकही नको. हे डिलीशन असलेल्या सगळ्याच मुलांना ऑटिझम होत नाही. साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एकाला होतो. बोलण्यातल्या अडचणी मात्र बहुतेकांत दिसतात, आणि बुद्ध्यंक घरच्या इतरांपेक्षा सरासरी वीस-पंचवीस गुणांनी खाली असतो. शिवाय ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांचा मायक्रोॲरे स्वच्छच येतो.

‘मग टेस्ट कशाला?’ गळालेला तुकडा परत बसवता येत नाही, हे कबूल, आणि तपासणी स्वस्तही नाही. पण निदान झालं की फिट्सकडे आणि वाढत्या वजनाकडे डॉक्टर आधीपासून लक्ष ठेवतात, स्पीच थेरपी लवकर सुरू होते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर आईवडिलांचीही तपासणी करतात: दोघांत डिलीशन नसेल तर पुन्हा तसं होण्याची शक्यता अगदी कमी, एकात असेल तर दर गरोदरपणात निम्मी.