गुरुजींना जालन्याबद्दल उत्तर

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या जालन्याचं मनोरुग्णालय गाजतंय. गाव केज तालुक्यातलं. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी पुण्याला, चाकणला, नाहीतर कारखान्यावर. जालन्याला मंजूर झालेलं सरकारी मनोरुग्णालय होणार तरी कधी, असं कुणीतरी विचारलं. त्यावर गुरुजींनी लिहिलं, "येड्यांचे दवाखाने हे पाश्चात्त्यांचं खूळ. तिकडं घर राहिलं नाही म्हणून दवाखाना लागतो. आपल्याकडं घर हाच दवाखाना." खाली अंगठे, जोडलेले हात, एक गुलाबाचं फूल.

मी तो मेसेज इकडं इंग्लंडात, पहाटे साडेसहाला बसस्टॉपवर वाचला. लाँग डे होता, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत एकच पाळी. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्ड समजून घेणं, सव्वासातला. मनोरुग्णांच्या वॉर्डवर शिकाऊ नर्स म्हणून प्लेसमेंटचा तिसरा दिवस. म्हणजे गुरुजी ज्याला खूळ म्हणत होते तिथंच मी निघालो होतो, आणि तेही पदरचे पैसे भरून. नर्सिंगचा दोन वर्षांचा एमएससी, शाखा मानसिक आरोग्य. नर्सच्या रजिस्टरवर नाव चढायचं तर कामाचे २३०० तास भरावे लागतात. माझे भरले होते पंचवीस.

आदर ठेवून सांगतो, इतिहास शिकवणारा माणूस इथं चुकला. जालन्याला मनोरुग्णालय काही पहिल्यांदा होत नाहीये. हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय जालन्यातच होतं. १९५३ साली ते हैदराबादला, एर्रागड्ड्याला हललं. १९५६ ला आपण हैदराबादपासून सुटलो, दवाखाना तिकडंच राहिला. महाराष्ट्राची जुनी मोठी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. केजहून येरवडा म्हणजे एसटीनं अख्खा दिवस, तेही पेशंट शांत बसला तर. घराला दवाखाना आपण हौसेनं केला नाही गुरुजी, तो गळ्यात पडलाय.

हे सगळं मी बसमध्ये टाइप केलं. पाठवलं नाही.

वॉर्डचं सांगतो. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. कमरेला अलार्म, किल्ली पट्ट्याला बांधलेली. पाचनंतर चहा-कॉफी डिकॅफच, कॅफीन काढलेली. पहिल्या दिवशी माझं पोट इतकं आवळलेलं की दुकानातून घेतलेलं जेवण पिशवीतच राहिलं. सिनेमातली ओरडाआरड मनात धरून गेलो होतो. आत एक बाई कोडं सोडवत होती, दोघं जण टीव्हीवर लिलाव बघत होते, आणि एकजण मला विचारत होता की तुझ्याकडं लायटर आहे का. सगळ्यात जास्त आवाज प्रिंटरचा.

ओरडाआरड झाली ती दुसऱ्या दिवशी. ती इथं सांगणार नाही, ती त्या माणसाची आहे.

आणि हे पाश्चात्त्यांचं खूळ सांभाळतंय कोण? माझी सुपरवायझर हरारेची. नाइटला लागोसचा पोरगा, कोट्टायमच्या दोघी सिस्टर, आणि केज तालुक्याचा मी. इंग्रज सगळे मिळून चार, त्यातला एक आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर. गुरुजी, हे वाचून तुम्हाला आनंद होईल. मलाही झाला होता, का ते नीट सांगता येत नाही.

सुपरवायझरनं पहिलं काय शिकवलं, तर दर पंधरा मिनिटांची नोंद. झोपलेल्या माणसाचा श्वास बघायचा. दारातून बघून "झोपलाय" लिहायचं नाही. छाती वरखाली होताना दिसली पाहिजे, दुलई हललेली चालत नाही. रात्रभर, पंधरा पंधरा मिनिटांनी, कुणीतरी प्रत्येकाचा श्वास बघून कागदावर सही करतं. हे ऐकून मला भरून आलं आणि लगेच रागही आला. आमच्या आजीनं हे चार वर्षं केलं, तिच्या सहीला जागाच नव्हती कुठं.

आता तात्याचं सांगावं लागेल. नाहीतर मी गुरुजींवर का चिडलो ते कळायचं नाही.

तात्या म्हणजे माझा धाकटा चुलता. मी पाचवीत असताना त्याचं डोकं फिरलं, असं गाव म्हणायचं. बायको दोन महिन्यांत माहेरी गेली ती गेलीच. अमावास्येचे उतारे झाले, एक देवऋषी झाला, दोन ठिकाणचे अंगारे झाले. मग दसरा आला. आईबाप म्हणजे ऊसतोडीतली एक जोडी, एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती काय येड लागलंय म्हणून माफ होत नसती. टोळी गेली कारखान्यावर, परतणार पाडव्याच्या सुमाराला. घरात राहिलो आजी, मी आणि तात्या. तात्या रात्री उठून विहिरीकडं चालायला लागायचा. आजीला गुडघ्यामुळं पळता येत नव्हतं. तिनं गुराची साखळी घेतली आणि त्याला पडवीतल्या मेढीला बांधलं.

ताट नेऊन द्यायचं काम माझं. हात पुरेल तेवढ्या अंतरावर ताट ठेवायचं आणि मागं सरकायचं. साखळीची कडी घोट्याला लागू नये म्हणून आजीनं तिला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, हिरवी, काठाची. दर शनिवारी ती चिंधी सोडून धुवायची, वाळेपर्यंत दुसरी बांधायची. घोट्याला खोबरेल लावायची. तात्याच्या पायाला जखम कधी झाली नाही.

युनिव्हर्सिटीत पहिल्या महिन्यात एका स्लाइडवर झाडाला साखळीनं बांधलेला माणूस दाखवला. कुठल्या देशातला ते लिहिलेलं नव्हतं. वर्गानं "ओह" केलं. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, कुणी असं करूच कसं शकतं? मी मान हलवली. मलाही कायदा माहीत होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९५, साखळीनं बांधायला बंदी. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला, मनोरुग्ण ठेवायच्या जागी आग लागली तेव्हा बांधलेली माणसं जागच्या जागी गेली, हेही माहीत होतं. पण त्या वेळी मला उठून सांगायचं होतं की चिंधी होती बाई, हिरवी होती. नाही सांगितलं. इथल्या नर्सलाही पेशंट सहा तासांपर्यंत थांबवून ठेवता येतो, एका फॉर्मवर. इथल्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम फाइव्ह फोर. पास झालो की तो फॉर्म मलाही भरता येईल. आमच्या आजीकडं फॉर्म नव्हता.

ही तुलना बरोबर नाही, मला कळतं. फॉर्मवर सहा तास मोजतात, पुढं डॉक्टरला यावंच लागतं. साखळीला तास नसतात. मी सोयीचं तेवढंच उचलतो. गुरुजीही तेच करतात. आमच्या वॉर्डवर एकजण आहे, त्याच्या गावाकडं बेड नव्हता म्हणून दीडशे मैलांवरून आणलेला. त्याला भेटायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे त्याचंही येरवडाच झालं. हे मी ग्रुपवर लिहिणार नाही, गुरुजींना आयतं कोलीत मिळेल.

पण खरी अडचण दुसरीच आहे. तात्याला दवाखान्यात नेलं कुणी? गुरुजींनीच. मी नववीत होतो. शाळेतून येता-जाता ते पडवीत बघायचे. एका रविवारी त्यांनी स्वतः जीप केली, वडिलांना फोन करून कारखान्यावरून बोलावून घेतलं, आणि तात्याला म्हणाले, "चला तात्या, योगेश्वरीला जाऊन येऊ." अंबाजोगाईला आधी खरंच देवीचं दर्शन घेतलं, खोटं पडू नये म्हणून. मग सरकारी रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी. गोळ्या चालू झाल्या. तिसऱ्या महिन्यात साखळी सुटली. पंचमीला तात्या पडवीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कितवीला हाईस रं आता?" चार वर्षांतला पहिला प्रश्न.

मग मी बारावीला अंबाजोगाईलाच राहिलो. साहजिकच तात्याची चिठ्ठी माझ्याकडं. महिन्यातून एकदा ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं, गोळ्या घ्यायच्या, गावच्या जीपवाल्याकडं द्यायच्या. डिसेंबरात त्या रांगेत आमच्या वर्गातली एक मुलगी आईला घेऊन उभी दिसली. तिनं मान फिरवली, मीही फिरवली. जानेवारीत प्रॅक्टिकल होतं, गेलो नाही. फेब्रुवारीतही गेलो नाही. घरी सांगितलं, दवाखान्यात गोळ्या शिल्लक नाहीत. परीक्षा देऊन घरी गेलो तेव्हा दोरीवर हिरवी चिंधी वाळत होती.

कुणीच काही म्हणालं नाही. तात्या आता नाही. आजी आहे.

परवा औषधांच्या ट्रॉलीत रिस्पेरिडोनचं पाकीट हातात आलं, तात्याची तीच गोळी. नावाखेरीज काही सारखं नव्हतं, तरी मी ते जरा वेळ धरून उभा राहिलो. सुपरवायझरला वाटलं मी डोस तपासतोय. मग तिनं डेपोबद्दल सांगितलं, म्हणजे रोजच्या गोळीऐवजी ठरल्या तारखेला द्यायचं, बरेच दिवस पुरणारं इंजेक्शन. इंजेक्शनची तारीख चुकली की कम्युनिटी नर्स फोन करते. फोन उचलला नाही तर घरी जाते. दार उघडलं नाही तर पुन्हा जाते. "तेवढंच काम आहे आपलं," ती म्हणाली, "कोण आलं नाही ते लक्षात ठेवायचं." जालन्याला किती खाटा होतील यावर ग्रुपवर पैजा लागल्यात. मला विचाराल तर खाटा थोड्या कमी करा, पण केजला एक अशी नर्स द्या, स्कूटीसकट. जानेवारीत तिनं मला हॉस्टेलवर येऊन धरलं असतं.

मेंटल हेल्थच का निवडलंस, असं इथं सगळे विचारतात. मी म्हणतो, माणसांशी बोलायला आवडतं. साफ खोटं.

चौथ्या दिवशी एका पेशंटजवळ तासभर बसायचं होतं, वन-टू-वन. हाताच्या अंतरावर खुर्ची, सुपरवायझर दारात. ते अंतर मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचं नाव, वय काही सांगत नाही. चाळीस मिनिटं तो भिंतीकडं बघत होता. मग म्हणाला, "इथं बसायचे किती देतात तुला?"

म्हटलं, "काही नाही. मीच फी भरतो."

तो वळला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि हसला. पोट धरून. "आणि मला ठेवलंय आत," म्हणाला. मी नोंदीत "हसला" लिहिलं. सुपरवायझरनं कशावर ते लिहायला लावलं.

घरी जाताना ग्रुप उघडला तर जालना मागं पडून पीक विमा सुरू झाला होता. मग गुरुजींना वेगळा मेसेज केला. जालना नाही, एर्रागड्डा नाही, एवढंच: "गुरुजी, तात्याला आधी योगेश्वरीला नेलं होतं ना तुम्ही?"

तिकडं मध्यरात्र उलटलेली. तरी उत्तर आलं.

"व्हय. पेढा दिला त्याला तिथं. खाल्ला नाही, खिशात ठेवला. म्हणला, आईला."